परसातल्या झाडाला शेतातले विष कशाला?

पावसाळ्यातली गोष्ट. एक आजीबाई सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला उलट्या होत होत्या, दरदरून घाम फुटला होता, तोंडातून सारखी लाळ गळत होती. डोळ्यांत पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या. फवारणीच्या दिवसांत शेतमजुरांमध्ये ही लक्षणे आम्ही डॉक्टर मंडळी पाहतो. पण हे पोर शेताकडे फिरकलेही नव्हते.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. परसातल्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्या होत्या. शेजाऱ्याने कपाशीच्या फवारणीतून उरलेले औषध चांगल्या मनाने एका बाटलीत आणून दिले. आजीबाईंनी ते पाण्यात कालवून झाडावर शिंपडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडाची पाने खुडून चटणी केली. घरच्यांनी चवीपुरती खाल्ली. नातवाने आवडीची म्हणून भाकरीबरोबर भरपूर खाल्ली. त्याला वेळेवर जिल्ह्याच्या ठिकाणी हलवता आले, अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने मिळाली आणि तो वाचला. आजीबाई मात्र मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "डॉक्टरसाहेब, पाने धुतली होती हो मी!"

त्या खोटे बोलत नव्हत्या. पण शेतीची कित्येक औषधे आंतरप्रवाही असतात. ती पानावर बसून राहत नाहीत, पानाच्या रसात उतरतात. तिथे नळाचे पाणी काय करणार? म्हणूनच अशा औषधाच्या माहितीपत्रकावर फवारणीनंतर किती दिवस माल काढू नये, हे छापलेले असते. शेतात ते पाळता येते, कारण तिथे तोडणीचा दिवस ठरलेला असतो. परसातल्या झाडाला तोडणीचा दिवस नसतो. फोडणी टाकताना कढीपत्ता, खोकला झाला की तुळस, पाहुणे आले की चार मिरच्या असे आपण रोज काहीतरी खुडतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ज्या झाडाचे पान आपण रोज खातो त्याच्या वाटेला शेतातले औषध जाताच कामा नये. थोडेसेही नाही.

दुसरा धोका त्या बाटलीचा. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. भाजीपाल्यावर ते वापरायला बंदी असतानाही ते घराघरांत पोहोचले होते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर फवारणी करतानाच विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर प्राणाला मुकले. शेतात पोटासाठी ही जोखीम पत्करावी लागते. चार कुंड्यांसाठी ती घरात कशाला आणायची?

मग किडीचे काय करायचे? आधी कीड ओळखावी. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मोठी झाली की हिरवी होते आणि तिचे पुढे सुंदर फुलपाखरू बनते. घरच्या एका झाडावर अशा अळ्या असतात तरी किती? सकाळी हाताने वेचून टाकाव्यात. मिरचीवरचा मावा पाण्याच्या जोरदार धारेने बराचसा निघून जातो. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसावा आणि फार लागलेली फांदी छाटून टाकावी. मात्र खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडावी. मावा आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क आहेच. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून फडक्यात बांधाव्यात आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवाव्यात. सकाळी पुरचुंडी चांगली पिळून, पाणी गाळून ते एक लिटर करावे. त्यात अंगाच्या साबणाचा थोडा चुरा विरघळवावा. हा अर्क संध्याकाळी फवारावा, कारण कडुनिंबातले द्रव्य उन्हाने लवकर निकामी होते. पानांच्या खालच्या बाजूला फवारायला विसरू नये, कीड तिथेच दडलेली असते. आधी एका फांदीवर करून पाहावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. फवारल्यावर तीन-चार दिवस पाने खुडू नयेत आणि नंतरही धुऊनच वापरावीत.

"निंबोळीने कीड मरतच नाही," अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ती पटकन मरत नाही, हे खरे. तिचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते आणि पिढी पुढे वाढत नाही. याला आठ-दहा दिवस लागतात. तेवढा धीर धरला तर ठिपक्यांचे ढालकिडे आणि कोळी आपले काम करतात. एक ढालकिडा दिवसाला कित्येक मावे फस्त करतो. जहाल औषधाने मावा मरतो तसा तोही मरतो. मावा मात्र लवकर परततो आणि त्याला खाणारे मागे उरलेले नसते.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नव्हे. २००८ मध्ये तामिळनाडूत पपईवर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे तो महाराष्ट्रातही पसरला. औषधांना तो दाद देईना. शेवटी २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून त्याच्यावर जगणारा एक चिमुकला कीटक आणून बागांत सोडला, तेव्हा तो आटोक्यात आला.

आता एक इशारा. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजू नका. तंबाखूचा काढा फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तंबाखूतले निकोटीन हे जबर विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात भिनते. खायच्या पानांवर हा काढा मुळीच वापरू नये. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्याने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा घरगुती अर्कसुद्धा सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका. वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

आणि चुकून कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलेच, तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि तडक रुग्णालय गाठा. औषधाची बाटली बरोबर न्या. नाव कळले की उपचार लवकर सुरू होतात.

त्या आजीबाई मध्यंतरी बाजारात भेटल्या. झाडाचे काय केले, असे विचारले. म्हणाल्या, "फांद्या छाटून टाकल्या, आता नवी पालवी आलीय. दोन पाने अळी खाते, चार आम्ही खातो." नातू शेजारीच उभा होता, टवटवीत.

वाचकहो, आज घरी गेल्यावर मोरीतला कोनाडा आणि माळा जरूर पाहा. शेतातली उरलेली बाटली तिथे असेल, तर ज्याची त्याला आजच परत करा.