श्वासाचा मापदंड

रायपूरनजीक उरला-सिलतरा येथील लोखंडाच्या भट्टीवर राबणारा कामगार स्पायरोमीटरच्या नळीत छाती रिती होईतो फुंकतो, तेव्हा वय, लिंग व उंची यांवरून काढलेल्या ज्या अपेक्षित आकड्याशी त्याचा श्वास ताडला जातो, तो आकडा मुळात कोणाच्या फुप्फुसांवरून बेतला, ही चौकशी आम्हांस अगत्याची वाटते. हा अपेक्षित आकडा काढण्याच्या २०१२ च्या जागतिक समीकरणांत वंशवार गट होते, पण भारतीयांस स्वतंत्र गट नव्हता. २०२२ साली वंशभेद वगळून सर्वांस एकच समीकरण आले. हा न्याय दिसतो खरा. परंतु कुपोषणाने व चुलीच्या धुराने खुंटलेली छाती ‘आमच्याकडची सर्वसाधारण’ म्हणून दप्तरी दाखल करणे जितके घातक, तितकेच निरोग्यास रोगी ठरवून रोजगारास मुकविणे. तेव्हा अहवालात अपेक्षित आकड्याशी ताडलेल्या टक्केवारीशेजारी कोणते समीकरण वापरले, हेही नमूद असावे.