पेसमेकर एका वायरचा की दोन वायरचा?

"डॉक्टर, एका वायरचा स्वस्त पडतो. तोच बसवला तर चालेल ना?" हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकर सांगितला, की घरची मंडळी फाइल घेऊन आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात आणि हा प्रश्न हमखास विचारतात.

वायर फक्त खालच्या कप्प्यात असेल, तर वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा ताळमेळ सुटू शकतो. वरच्या कप्प्यावर ताण येतो आणि काही रुग्णांत तो पुढे अनियमित थरथरू लागतो. हेच एट्रियल फिब्रिलेशन. त्यात रक्ताची गुठळी होऊन लकवा होण्याची भीती असते.

2000 साली कॅनडातल्या आणि 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत, वरच्या कप्प्याचीही दखल घेणाऱ्या पेसमेकरमुळे हा त्रास कमी झालेला दिसला. लकवा आणि मृत्यूचं प्रमाण मात्र लक्षणीय घटलं नाही. त्यामुळे दोन वायर म्हणजे लकव्यापासून सुटका, असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे.

वायरींच्या संख्येइतकंच सेटिंगही महत्त्वाचं. 2007 च्या एका अभ्यासात हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर मंदावलेले 1,065 रुग्ण होते, सगळ्यांना दोन वायरी. निम्म्यांच्या यंत्रात खालचा कप्पा गरज नसताना चालवायचा नाही, अशी सोय होती. त्यांच्यात टिकून राहणारं फिब्रिलेशन 7.9 टक्के, तर नेहमीच्या सेटिंगवाल्यांत 12.7 टक्के आढळलं.

पूर्ण हार्ट ब्लॉक असेल तर खालचा कप्पा चालवावाच लागतो, तिथे ही युक्ती चालत नाही. अशांसाठी आता वायर हृदयाच्या स्वतःच्या विद्युतमार्गाजवळ, डाव्या बंडलपाशी बसवतात. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या पद्धतीला स्थान मिळालं. आतापर्यंतचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण मोठे तुलनात्मक अभ्यास अजून सुरू आहेत.

मग एक वायर चूक का? नाही. फिब्रिलेशन कायमचं झालं असेल, तर वरच्या कप्प्यात वायर घालून फायदा नसतो. तिथे एकच पुरते, उगाच खर्च करू नका.

पेसमेकर आधीच बसवला असेल, तर पुढच्या तपासणीत दोन गोष्टी विचारा: खालचा कप्पा किती टक्के वेळा यंत्रावर चालतो, आणि फिब्रिलेशनची नोंद आहे का? यंत्र ती नोंद ठेवतं, पण गुठळी रोखत नाही. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर "आता मशीन आहे" म्हणून ती परस्पर बंद करू नका.