बुधवारी बंद असणारे दुकान

कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. नायक खोलीतून बाहेर पडल्यावर मागे राहिलेली माणसे काय करतात, हे लेखकालाच ठाऊक नसेल, तर ती माणसे पुठ्ठ्याची वाटतात. नातवाच्या शेजारी बसून संगणकावरचे काही खेळ पाहिले आणि हाच न्याय तिथेही लागू पडतो, असे वाटू लागले.

हे खेळ मारामारीचे वा शर्यतीचे नव्हेत. त्यांना ‘सँडबॉक्स’ म्हणतात, म्हणजे मुलांना खेळायला दिलेली वाळूची पेटी. एक जग मोकळे करून दिलेले असते. शेती करा, घर बांधा, नुसते भटका. खेळणारा मात्र एकटाच. समोर दुसरे जिवंत माणूस नसल्यामुळे त्या जगात प्राण ओतण्याचे काम सर्वस्वी खेळ रचणाऱ्याचे.

ते नुसत्या विस्ताराने साधत नाही. २०१६ साली आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’ या ब्रिटिश खेळात अठरावर अठरा शून्ये, एवढे ग्रह होते. गणिती सूत्रांनी घडवलेले. तरीही, काही ग्रह पाहिले की पुढे तेच ते, अशी तक्रार अनेकांनी केली. निर्मात्यांना पुढे कित्येक वर्षे त्यात विनामूल्य भर घालावी लागली.

याउलट १९९२ चा ‘अल्टिमा ७’ पाहा. त्यातली माणसे सकाळी उठतात, कामाला जातात, जेवतात, रात्री झोपतात. पिठात पाणी घालून भट्टीत पाव भाजता येतो आणि भटारखान्यात नोकरी धरून तो विकताही येतो. चोरी केली, तर आपलेच सोबती नाराज होतात.

एरिक बॅरोन या तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ मध्ये ‘स्टार्ड्यू व्हॅली’ पूर्ण केला. त्यातल्या छोट्या गावात वाण्याचे दुकान सुरुवातीला बुधवारी बंद असते. बी मंगळवारीच आणून ठेवणे शहाणपणाचे. गावकऱ्यांचे वाढदिवस ठरलेले, आवडीनिवडी निरनिराळ्या. विचारपूस केली नाही, तर स्नेह हळूहळू आटतो.

खेळात असल्या अडचणी कशाला, असे कुणी म्हणेल. पण अडचण आली की बेत आखावा लागतो, आणि बेत आखला की माणूस त्या गावचा होतो. बँकेत उमेदवारी करताना आम्हाला पहिला धडा मिळाला तो असा, की एका खात्यात नावे पडले तर दुसरीकडे जमा दिसलेच पाहिजे. जिवंत जगाचेही तसेच आहे. आपण केलेल्या कृतीची नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडली पाहिजे. तशी ती पडली नाही, तर कितीही सुंदर डोंगर काढा, तो नाटकाचा पडदाच.

आईवडिलांना खेळाच्या तासांची काळजी वाटते, आणि ती रास्तच आहे. तासांचा हिशेब जरूर ठेवावा. पण त्याबरोबर मुलाला दोन प्रश्न विचारावेत: तू नसताना तिथे काय चालते? आणि तुझ्यामुळे तिथे काय बदलले? मूल यावर भरभरून बोलू लागले, तर जग आपल्यावाचूनही चालते आणि तरी आपल्या वागण्याने कुणाला तरी फरक पडतो, हे त्याला खेळता खेळता उमगले आहे. आणि उत्तरादाखल नुसता गुणांचा आकडा आला, तर तो खेळ खुशाल बंद करावा.