गूळ निर्दोष नाही, गोळी विषारी नाही

कमी कर्बोदकांचा आहार सुरू केला की घरीदारी दोन सल्ले हमखास मिळतात. साखर सोडलीस ना, मग गूळ घे, तो नैसर्गिक असतो, हा पहिला. आणि त्या गोड गोळ्यांना मात्र हात लावू नकोस, त्यांनी कॅन्सर होतो, हा दुसरा. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. त्यातला पहिला अधिक घातक, कारण तो मानणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहते की आपण पथ्य पाळतो आहोत.

गुळाची बाजू आधी नीट मांडतो. गुळात उसाच्या रसातली खनिजे काही प्रमाणात टिकतात. त्याची चव साखरेपेक्षा खोल असते. चिंच-गुळाची आमटी साखर घालून तशी होत नाही, हे मलाही मान्य आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते त्याला शोभते. पण इथे प्रश्न चवीचा किंवा परंपरेचा नाही, कर्बोदकांचा आहे. १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांतला मोठा वाटा सुक्रोजचा, म्हणजे साखरेचाच. लहान आतड्यात या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ते पांढऱ्या साखरेतून आले की पिवळ्या ढेपेतून, याने रक्तातल्या ग्लुकोजला काही फरक पडत नाही.

राहिला लोहाचा मुद्दा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून मिळते ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. लोह हवे असेल तर अळीव, तीळ, पालेभाज्या आणि खात असाल तर कलेजी आहे. लोहासाठी गूळ खाणे म्हणजे साखर खाण्यासाठी लोहाचे कारण शोधणे होय.

मध आणि खजूर यांचीही हीच गत. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच सुटे झालेले असतात, आणि एका मोठ्या चमच्यात सतरा ग्रॅमच्या आसपास साखर असते. खजुरात तंतू आहेत हे खरे, पण वाळलेल्या खजुराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. कीटो पद्धतीने खाणाऱ्याला दिवसभरात एकूण वीस ते पन्नास ग्रॅम कर्बोदकांत भागवायचे असते. त्याने ‘साखर नाही, फक्त खजूर’ असे लाडू खाल्ले, तर दोन-तीन लाडवांत त्याचा दिवसाचा कोटा संपतो. गुळाचा चहा, खजुराचे लाडू, मधाचे कोमट पाणी हे साखरेचे पर्याय नव्हेत. ते साखरेचेच प्रकार आहेत.

आता दुसरा पूर्वपक्ष. त्याच्या हातात पुरावा असतो तो दोन गोष्टींचा. एक, सॅकरिनमुळे उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता. दोन, जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘बहुधा’ या गटाच्याही खालच्या, ‘शक्यता आहे’ अशा गटात टाकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्ही अर्धवट सांगितल्या जातात. सॅकरिनमुळे होणारा कर्करोग उंदरांच्या मूत्राच्या विशिष्ट रचनेतून होतो आणि माणसात तसे घडत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणूनच अमेरिकेत सॅकरिनच्या पाकिटावर छापावा लागणारा इशारा २००० साली काढून टाकला गेला. अ‍ॅस्पार्टेम ज्या गटात आहे, त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. त्याच महिन्यात तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने अ‍ॅस्पार्टेमची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी जशीच्या तशी कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायची, तर त्याला रोज डाएट शीतपेयाचे नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. चहात दोन गोळ्या टाकणारा त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

याचा अर्थ सगळे बिनघोर आहे असा नाही, आणि मला तसे म्हणायचेही नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा गोड पदार्थांवर विसंबू नका, अशी शिफारस केली. तिचा मी आदर करतो. पण ती सशर्त शिफारस आहे, आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, आणि एरिथ्रिटॉलसारख्या शुगर अल्कोहोलांचा तिच्यात समावेश नाही. या तिन्ही गोष्टी वगळून ती सांगितली जाते तेव्हा मला राग येतो. कारण ती ऐकून घाबरलेला मधुमेही गोळी टाकून देतो आणि पुन्हा गुळाकडे वळतो. गोड चव लागली की इन्सुलिन वाढतेच, असेही ठामपणे सांगितले जाते. बहुतेक प्रयोगांत नुसत्या अ‍ॅस्पार्टेमने किंवा सुक्रालोजने तसे लक्षणीय काही घडलेले नाही. काही व्यक्तींच्या ग्लुकोजवर मात्र सॅकरिन आणि सुक्रालोजचा परिणाम दिसला आहे. शंका असेल त्याने ग्लुकोमीटरने आपली साखर पाहावी; वाद तिथेच मिटतो.

तिसरा प्रतिपक्ष दुकानात उभा आहे, आणि माझ्या मते खरी फसगत त्याच्याकडे होते. ‘शुगर फ्री’ या दोन शब्दांत ‘कर्बोदके नाहीत’ असे आश्वासन नसते. सुक्रालोज साखरेच्या सहाशेपट गोड असते, त्यामुळे चमच्यात मावावे म्हणून त्यात भर घालावी लागते. ही भर पुष्कळदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजची असते, आणि ही दोन्ही रक्तातले ग्लुकोज साखरेइतक्याच, किंबहुना अधिक वेगाने वाढवतात. एका पुडीतले ग्रॅमभर कर्बोदक क्षम्य आहे. वाटीवाटीने खिरीत घातलेल्या पावडरीतले नाही. ‘शुगर फ्री’ चॉकलेटांत आणि मिठाईत पुष्कळदा माल्टिटॉल असते. त्याच्या एका ग्रॅममधून दोनहून थोडे अधिक कॅलरी मिळतात, ते अंशतः शोषले जाते आणि ग्लुकोज वाढवते. जास्त खाल्ले तर पोट बिघडते ते वेगळेच. पाकिटावरच्या कर्बोदकांच्या हिशेबात माल्टिटॉल पूर्ण वजा केलेले दिसले, तर तो हिशेब मानू नका. निम्मे तरी धरा.

मग काय निवडावे? नैसर्गिक की कृत्रिम, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मी विचारतो की या पदार्थातली साखर काढली तर उरते काय. श्रीखंड घ्या. चक्का बांधताना दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर गळून जाते. उरतात स्निग्धांश आणि प्रथिने. जुन्या मापाने त्यात जवळजवळ चक्क्याइतकीच साखर पडते. म्हणजे श्रीखंडातली जवळपास सगळी कर्बोदके बाहेरून येतात, आणि इथे पर्याय वापरला तर पदार्थाचा स्वभावच बदलतो. आता पुरणपोळी पाहा. एका मध्यम पोळीत गूळ वगळला तरी कणकेची वीसेक ग्रॅम आणि डाळीची बारा-पंधरा ग्रॅम कर्बोदके उरतात. स्टीव्हियाची पुरणपोळी कमी कर्बोदकांची होत नाही, ती नुसतीच बेचव होते. उकडीच्या मोदकात तांदूळ आहे, साबुदाण्याच्या खिरीत साबुदाणा आहे. सणाला हे पदार्थ खायचेच असतील तर अर्धी पोळी गुळाचीच खावी, तूप घालून, आणि त्या दिवशीचा भात सोडावा.

चहाकॉफीसाठी माझी पसंती शुद्ध स्टीव्हियाच्या थेंबांना किंवा सुक्रालोजच्या थेंबांना, कारण थेंबांत सहसा पिठूळ भर नसते. स्टीव्हिया मूळची पॅराग्वेकडची वनस्पती, तिच्या पानांतला अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशेपट गोड असतो. जिभेवर मागाहून ज्येष्ठमधासारखी कडसर चव उरते, ती काहींना सोसत नाही. अ‍ॅस्पार्टेम चहाबरोबर उकळू नये, उष्णतेने त्याची गोडी जाते. श्रीखंडात ते चालते. सुक्रालोज फार तापमानाला भाजण्या-तळण्यात वापरू नये. फिनाइलकीटोन्युरिया हा विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम मुळीच घेऊ नये.

एरिथ्रिटॉलबद्दल मी सावध आहे. गुण त्याच्याकडे भरपूर आहेत: कॅलरी नगण्य, बराचसा भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो, ग्लुकोज वाढत नाही, साखरेसारखे मापून घालता येते. श्रीखंडासाठी ते बारीक दळून घ्यावे, नाहीतर थंडीत दाणे धरते. पण २०२३ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचे प्रमाण अधिक दिसले, आणि तीस ग्रॅमच्या एका पेयानंतर रक्तातली पातळी दोनेक दिवस चढी राहिली. शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे यातून सिद्ध होत नाही. तरीही हृदयविकार असलेल्याने रोजच्या कीटो केकसाठी ते ग्रॅमांच्या मापाने खाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. सणासुदीची वाटी वेगळी.

आणि या सगळ्याच्या आधी गोडीच कमी करावी. दोन चमच्यांवरून दीड, दीडवरून एक, असे करत गेले की काही आठवड्यांत जीभ सरावते, आणि पर्यायही कमी लागतो. मुलांना तर हे पर्याय देऊच नयेत. त्यांना साखर कमी देणे पुरेसे आहे.

मधुमेहाच्या रुग्णांना एक कळकळीची विनंती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून हा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून तो सुरू करूच नये. त्यांत कीटोॲसिडोसिसचा धोका असतो. आणि घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर त्या क्षणी स्टीव्हिया, सुक्रालोज, एरिथ्रिटॉल यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. तेव्हा साधी साखर किंवा ग्लुकोजच लागते. तिची पुडी खिशात ठेवा आणि घरच्यांनाही ते सांगून ठेवा.