परावलंबी शाखा

हिशेबशास्त्रात आम्हांला ‘शाखांचे हिशेब’ हे प्रकरण आहे. शाखा दोन प्रकारच्या: परावलंबी आणि स्वतंत्र. पहिलीचे हिशेब मुख्य कचेरी ठेवते. दुसरी आपली कीर्द-खतावणी स्वतः लिहिते. परीक्षेपुरते हे मी पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र गेल्या मे महिन्यात उज्जैनला, माधव नगरातील एका बँकेच्या बाकावर बसून कळला.

तिथे माझी आत्या राहते. आतोबांना रात्री दवाखान्यात हलवले होते आणि सकाळी साठ हजारांची अनामत रोख भरायची होती. बँक उघडताच आम्ही हजर! खात्यात पैसे होते, आत्याची सही बरोबर होती, रोखपाल तिला नावाने ओळखत होते, तिजोरीत रोकडही होती. पण “सर्व्हर डाऊन है.” रस्ता खणताना कुठेतरी तार तुटली होती. (गंमत अशी की, हे दोन शब्द आमच्या बेळगावात मराठीत आणि कन्नडमध्येही अगदी असेच ऐकू येतात.) खरे तर सर्व्हर बंद नव्हताच. समोर दुसऱ्या बँकेचे एटीएम होते. त्याने तिची शिल्लक क्षणात दाखवली आणि दहा हजार दिलेही. मग तिच्या बँकेच्या गावातल्या दुसऱ्या शाखेत गेलो. तिथे सारे सुरळीत चालू होते. पण बाहेरच्या शाखेच्या खातेदाराला चिठ्ठीवर एवढी रक्कम देता येत नाही, म्हणाले. अखेर दुपारी शेजाऱ्यांनी पैसे दिले. आतोबा आता बरे आहेत.

यावर कुणी म्हणेल, जुने तेच बरे होते. मला तसे वाटत नाही. १९८४ च्या डॉ. सी. रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांत खतावणीची यंत्रे आली, ती त्या त्या शाखेपुरतीच. खातेदार शाखेला बांधलेलाच राहिला. १९९९ साली बँकांना उपग्रहामार्फत जोडणारे ‘इन्फिनेट’ सुरू झाले आणि २००८ च्या सुमारास स्टेट बँकेसारख्या प्रचंड बँकेच्याही सर्व शाखांचे हिशेब मध्यवर्ती संगणकावर गेले. बेळगावात भरलेला पैसा उज्जैनला त्याच मिनिटाला निघतो, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या पुस्तकातली ‘मार्गस्थ रोख’ आता बहुधा पुस्तकातच उरली आहे.

माझी तक्रार एवढीच की, हे करताना शाखेजवळ काहीच शिल्लक ठेवले नाही. संगणकवाल्यांना हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज सर्व्हर २००८’ मध्ये खास शाखा-कचेऱ्यांसाठी एक सोय आली. मुख्य कचेरीतील वापरकर्त्यांच्या नोंदवहीची, फक्त वाचता येईल अशी प्रत शाखेतल्या सर्व्हरवर ठेवायची. त्या शाखेपुरते पासवर्ड तिथे साठवले की, तार तुटली तरी कर्मचाऱ्यांना आपल्या संगणकात प्रवेश मिळतो; आणि यंत्र चोरीला गेले तरी साऱ्या संस्थेचे पासवर्ड चोराच्या हाती लागत नाहीत. पुढच्याच वर्षी, दुरून आणलेल्या फायलींची प्रत शाखेतच राखणारी ‘ब्रँचकॅश’ ही सोय आली. (नाव ऐकून मला वाटले, रोकडच असावी!)

बँकेनेही आदल्या संध्याकाळची शिल्लक आणि सह्यांचे नमुने अशाच, केवळ वाचता येणाऱ्या प्रतीत शाखेत ठेवावेत. तार तुटलेल्या दिवशी ओळखीच्या खातेदाराला, ठरावीक मर्यादेपर्यंत, दोन अधिकाऱ्यांच्या सहीने रोख द्यावी. तार जुळली की नोंद वर पाठवावी. आमचे प्राध्यापक लगेच हरकत घेतील: त्याच सकाळी दुसरीकडून पैसे काढलेले असले तर? हरकत खरी आहे. आत्याने एटीएममधून घेतलेले दहा हजार त्या प्रतीत दिसलेच नसते. पण तेवढा धोका बँकेने पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खातेदाराकडून लेखी हमी घ्यावी, जास्त गेलेली रक्कम कर्ज समजावी आणि तिच्यावर व्याज लावावे. एरवी कर्ज देताना बँका याहून कितीतरी मोठा धोका पत्करतात, आणि आत्याचे घर तर बँकेपासून तीनच गल्ल्यांवर आहे.