मीठ मोजून, मीठ झाकून

औसा समुद्रापासून दूर, बालाघाटच्या पठारावर. तरी इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात समुद्र रोज पोचतो, तो मिठातून.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. वजनात सुमारे ३९ टक्के सोडियम, ६१ टक्के क्लोरीन. एक पाण्यात पडताच भडकणारा धातू, दुसरा विषारी वायू. दोघांच्या संयोगातून जेवणाची चव तयार होते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवा, थोड्याच वेळात परातीत पाणी सुटतं. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढायला ओल उरत नाही; म्हणून लोणचं वर्षभर टिकतं.

हेच मीठ जीवही वाचवतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. जुलाब लागले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढं प्रत्येक घराला ठाऊक हवं. साखरेच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषलं जातं, मागोमाग पाणीही.

मात्र जास्त मीठ रक्तदाब वाढवतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं.

वाचकहो, आयोडीनयुक्त मीठच घ्या, डबा घट्ट झाकून ओलीपासून दूर ठेवा, आणि ताटात वरून मीठ वाढणं आजपासून बंद करा.