पोरांचा गोंगाट की आमचे बहिरेपण?

गेल्या श्रावणात हुलसूर येथील एक वयोवृद्ध गृहस्थ मजकडे आले. देवळाच्या आळीतील चार तरुण एका माळवदाच्या खोलीत संगणकापुढे बसून ‘रॉक’ नावाचे पाश्चात्य गाणे मुद्रित करतात, त्या गोंगाटाने भजनाच्या वेळेचे पावित्र्य बिघडते, सबब त्यांस वकिली नोटीस द्यावी, अशी त्यांची मागणी. ते मला वडिलांच्या ठिकाणी. म्हटले, “काका, आधी ऐकून येतो, मग लिहितो.” मी ऐकून आलो, आणि नोटीस लिहिली नाही. ही तक्रार एकट्या हुलसूरची नसल्यामुळे माझे उत्तर चारचौघांत मांडणे अगत्याचे वाटते.

पहिला आरोप गोंगाटाचा. जाऊन पाहतो तो खोलीत श्वास रोखून बसलेली शांतता! भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, अंगावर घामाच्या धारा. गिटारीची तार एका लहानशा डबीतून थेट संगणकात गेलेली. तिचा नाद फक्त हेडफोन लावलेल्या वादकाला ऐकू येणार. ड्रमचे ठोके संगणकातच जुळविलेले. यंत्र दर सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनीचे माप टिपते. प्रत्येक वाद्य स्वतंत्र नोंदवून अखेरीस सर्वांचा मेळ घालावयाचा. कंठ तेवढा मायक्रोफोनपुढे उघडावा लागतो. तो उघडला असता गाणे चार वेळा मोडले, आणि चारही वेळा ते मोडले आमच्याच देवळावरील कर्ण्याने.

आता गोंगाट कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांनी घातलेली मर्यादा आहे. इतरांची शांतता भंगून ध्वनिवर्धकावर प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एका चर्चच्या खटल्यात बजावले. तो निर्णय चर्चपुरता आणि देवळाला माफ, असा अर्थ कोणत्याही वकिलास काढता येणार नाही. उद्या ही मुले खरे ड्रम मांडून मध्यरात्री आळी जागवू लागली, तर त्यांनाही मीच नोटीस देईन. परंतु आज नोटीस द्यावयाचीच झाली, तर पत्ता देवळाचा लिहावा लागेल.

दुसरा आरोप परकेपणाचा. तो करणाऱ्यांनी आपल्या भजनातील पेटीकडे एकवार पाहावे. ती युरोपातून आली. भारतीय संगीताला अयोग्य म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढले, ते १९७१ पर्यंत. त्या अवधीत देवळांनी मात्र तिला आपल्या मांडीवरून खाली ठेवले नाही. मग पेटीला जे औदार्य दाखविले ते गिटारीला का नाकारावे? शिवाय ही भूमी कोणाची? लाडवंतीस जन्मलेल्या श्रीमाणिकप्रभूंची (१८१७–१८६५), ज्यांनी मराठी, कानडी व हिंदी अशा भाषांत पदे रचली आणि सर्व मतांना एका गादीपाशी बसविले. त्यांच्या बिदर जिल्ह्यात सुरांचे सोवळे पाळणे शोभत नाही.

तिसरा आरोप असा की, घरात केलेले मुद्रण म्हणजे पोरखेळ. हे शब्द नवे नाहीत. ध्वनिमुद्रिकांचे युग आले असतानाही अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गायनसम्राटाने आपला आवाज तबकडीवर ठेवला नाही. १९४६ साली ते गेले आणि तो कंठ कायमचा गेला. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांचा भैरवीतील सूर मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाला. मुद्रण झाले आणि न झाले यांतले अंतर एवढे असते! घरगुती साधनांचे म्हणाल, तर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली घरी साध्या कॅसेटवर केलेले नमुना-मुद्रण, ज्याला ही मुले ‘डेमो’ म्हणतात, तेच पुढे ‘नेब्रास्का’ या नावाने जगापुढे आले. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’चा एक संस्थापक तर वकिली सोडून या मार्गास लागला, २०१९ साली ते पथक जर्मनीतील वाकेनच्या महोत्सवात वाजवून आले. काकांना हे सांगितले, तेव्हा “तुम्ही नाही ना सोडणार?” एवढेच त्यांनी विचारले.

मुलांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. मुद्रण घरी केले म्हणून कायदा दाराबाहेर राहत नाही. चाल कोणी रचली, शब्द कोणाचे, मुद्रणाचा पुढाकार व जबाबदारी कोणाची, हे मैत्री शाबूत असतानाच लिहून ठेवा. मागाहून ते न्यायालयात लिहावे लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच होते, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. डेमो ऐकून कोणी गोड बोलून कागद पुढे केला, तर सही करण्यापूर्वी मुदतीचा रकाना वाचा. गाणे तालात बसविण्यासाठी रात्री जागता, तर कागदासाठी एक सकाळ द्या.

राहता राहिले आम्ही. आमच्या भजनी मंडळातील सर्वांत जुन्या म्हाताऱ्यास जी पदे मुखोद्गत आहेत, ती कोणत्या वहीत नाहीत आणि कोणत्या यंत्रातही नाहीत. सीमेवरच्या या गावातली ती मराठी, कानडी वळणाची, अन्यत्र ऐकू यावयाची नाही. त्यांचा श्वास आता कडव्याच्या मध्येच तुटतो. ती पदे टिपण्याचे साधन आणि कसब गावात कोणापाशी असेल, तर त्या चार मुलांपाशी. आणि आम्ही त्यांच्यावर नोटीस धाडावयास निघालो होतो!

म्हणून देवस्थान समितीस माझी मागणी आहे: रोज संध्याकाळी एक तास कर्णा बंद ठेवावा, देवळाची एक ओवरी या मुलांना द्यावी, आणि मोबदल्यात त्यांनी प्रथम आमच्या वृद्ध भजन्यांचे मुद्रण करून द्यावे. त्यानंतर त्यांनी आपले रॉक खुशाल वाजवावे. देव दोन्ही ऐकेल. कर्णा बंद झाल्यावर त्यालाही जरा नीट ऐकू येईल.